दोन मिनिटांचं विमान

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या शेजारच्या बेटांवर एकेक छोटा विमानतळ आहे. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण २.७ किलोमीटर. वेळापत्रकात या प्रवासासाठी २ मिनिटं दिली आहेत. वारा पाठीशी असेल तर एवढीही लागत नाहीत. एकदा तर हे विमान ५३ सेकंदांत पलीकडे पोचलं होतं. जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा म्हणून हिची नोंद आहे.

तुलनाच करायची तर आपल्या मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे. म्हणजे हा अख्खा प्रवास त्या धावपट्टीवर मावेल आणि वर बरीच जागा शिल्लक राहील.

याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेले असतील. आठ-नऊ माणसांचं विमान, पायलटच्या शेजारी बसलेला पर्यटक, खाली निळंहिरवं पाणी, आणि क्लिप संपायच्या आत विमान जमिनीवर. आपण ‘भारी आहे’ म्हणतो आणि पुढे सरकतो. मला मात्र एक प्रश्न सुटेना. २.७ किलोमीटरसाठी विमान कोण चालवतं? आणि १९६७ पासून आजपर्यंत ते बंद का पडलं नाही?

आधी अंतर आणि वेळ यांचा हिशोब पाहू, कारण माझा धंदाच तो आहे. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या साइट ढिगाने आहेत. त्यांची आतली युक्ती साधी असते. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलावरून त्यांच्यातलं सर्वांत जवळचं अंतर काढायचं, त्याला ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागायचं आणि उड्डाण-उतरणीसाठी वर अर्धा तास मिळवायचा. दिल्ली-चेन्नईला हे उत्तर बऱ्यापैकी जमतं. वेस्ट्रे-पापा वेस्ट्रेला लावलं तर येतात ३० मिनिटं आणि १२ सेकंद. त्यातले १२ सेकंद प्रवासाचे आणि उरलेला अर्धा तास सवयीचा.

अंतराचं गणितही इथे अडखळतं. गोलावरचं अंतर काढायचं शाळकरी सूत्र कोसाइन वापरतं. दोन ठिकाणं फार जवळ असली की त्यांच्यातला कोन इतका लहान होतो की कोसाइनची किंमत जवळजवळ १ येते. जुन्या किंवा काटकसरी सिस्टिममध्ये आकडा ३२ बिटांत साठवला तर १ च्या इतक्या जवळचे फरक त्यात मावत नाहीत. हिशोब केला तर असं दिसतं की त्या पद्धतीने शून्यानंतरचं पहिलं शक्य अंतर २.२ किलोमीटर, दुसरं ३.१ आणि तिसरं ३.८. मधलं काहीच नाही. २.७ हे उत्तर त्या गणिताला देताच येत नाही. पापा वेस्ट्रेला जायचं तर तुम्ही एकतर अलीकडे समुद्रात पडता, नाहीतर पलीकडे.

यावरचा उपाय कॉम्प्युटरच्या आधीपासून खलाशांकडे होता. हॅवर्साइन नावाचं सूत्र लहान अंतरांनाही नीट उत्तर देतं. हा शब्द १८३५ साली जेम्स इनमन यांनी नौकानयनाच्या पुस्तकात रूढ केला. त्याच्या पोटातली कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. एकातून कोसाइन वजा केली की जे उरतं त्याला आपले ज्योतिषी उत्क्रमज्या म्हणत. आर्यभटाच्या आणि सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेत ज्या आणि उत्क्रमज्या यांची गणितं आहेत. तिचं अर्ध म्हणजे हॅवर्साइन. तुमच्या फोनमधलं एखादं ॲप ‘डिलिव्हरी पार्टनर ८०० मीटरवर आहे’ असं सांगतं, तेव्हा बरेचदा तेच सूत्र चाललेलं असतं.

पण सूत्र बरोबर असलं तरी ते फक्त ‘किती दूर’ एवढंच सांगतं. मधे काय आहे, हे त्याला ठाऊक नसतं. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रेच्या मधे उत्तर अटलांटिकच्या कडेचा समुद्र आहे. हिवाळ्यात तिथे दिवस सहा तासांचा होतो आणि वारे असे सुटतात की बोटी धक्क्यालाच बांधून ठेवाव्या लागतात.

शिवाय हे दोन मिनिटांचं उड्डाण मुळात एकटं नाहीच. ऑर्कनीत सत्तरच्या आसपास बेटं आहेत, त्यातली वीसेक वसलेली. सगळ्यात मोठ्या बेटावर कर्कवॉल हे गाव आहे. जिल्ह्याचं ठिकाण म्हणा ना. मोठं हॉस्पिटल, मोठी शाळा, कचेऱ्या, बाजार सगळं तिथे. विमान कर्कवॉलहून निघतं, बाहेरच्या बेटांवर थांबत थांबत परत येतं. कर्कवॉल ते वेस्ट्रे ४४ किलोमीटर, म्हणजे पंधराएक मिनिटं. बोटीने तेच अंतर जवळपास दीड तासाचं. वेस्ट्रेला उतरणारे उतरले की उरलेल्यांना घेऊन विमान पुढच्या थांब्याला जातं. तो थांबा २.७ किलोमीटरवर आहे, एवढंच.

आपल्याकडची गावची एसटी आठवा. तालुक्याहून निघते, मोठ्या गावात थांबते आणि मग दोन-तीन किलोमीटर आत एखाद्या वाडीपर्यंत जाऊन वळते. त्या शेवटच्या टप्प्याचं तिकीट वेगळं काढून ‘बघा, जगातला सर्वांत छोटा बसप्रवास’ असं म्हणता येईल. पण वाडीतल्या म्हाताऱ्या बाईसाठी तो तालुक्याला जायचा रस्ता असतो.

ही विमानातली एसटी सुरू कशी झाली, याची गोष्ट १९३० पासून धरावी लागेल. त्या वर्षी २९ ऑगस्टला, स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये दूर असलेलं सेंट किल्डा हे बेट रिकामं झालं. उरलेल्या ३६ रहिवाशांनी स्वतःच सरकारकडे अर्ज केला होता की आम्हाला इथून न्या. तरुण माणसं आधीच निघून गेली होती, आजारपणात मदत वेळेत पोचत नव्हती, हिवाळ्यात महिनोन्‌महिने जगाशी संबंध तुटत होता. हजारो वर्षं माणसांनी वस्ती केलेलं बेट एका दिवसात संपलं. उत्तरेकडच्या प्रत्येक छोट्या बेटासाठी तो इशाराच होता.

त्याच सुमारास अर्नेस्ट फ्रेसन नावाचा वैमानिक गावोगाव हिंडून लोकांना पैसे घेऊन विमानात फिरवून आणायचा. जत्रेतल्या पाळण्यासारखा धंदा. या फेऱ्यांमध्ये तो ऑर्कनीला आला आणि त्याच्या लक्षात आलं की इथल्या लोकांना विमानाची मौज नको आहे, गरज आहे. स्कॉटलंडची मुख्य भूमी आणि ऑर्कनी यांच्यामधली सामुद्रधुनी तिच्या प्रवाहांसाठी बदनाम आहे. त्याने हायलँड एअरवेज नावाची कंपनी काढली आणि ८ मे १९३३ रोजी इन्व्हरनेस-विक-कर्कवॉल सेवा सुरू केली. पुढच्या वर्षी, २९ मे १९३४ ला, त्याला टपालाचं काम मिळालं. ब्रिटनच्या आतली ही पहिली नियमित हवाई टपालसेवा होती, आणि तिला जादा तिकीट लावावं लागत नव्हतं. साध्या पत्राच्या दरात पत्र विमानाने जायचं. त्याच वर्षी फ्रेसनची विमानं उत्तरेकडच्या छोट्या बेटांवरही उतरू लागली. विमानतळ म्हणजे एखाद्या शेतकऱ्याचं सपाट कुरण, विमान यायच्या आधी गुरं हाकलून मोकळं केलेलं.

हे वाचताना मला राहून राहून जुहू आठवत होतं. फ्रेसनच्या सहा-सात महिने आधी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा पुस मॉथ जातीचं एका इंजिनाचं विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले. विमानात टपालाची पोती होती. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणून टाकी भरली गेली. विमान उतरलं ते जुहूच्या चिखलपट्टीवर. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, म्हणून त्या महिन्यांत सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. सरकारने अनुदान द्यायला नकार दिला होता. उत्पन्नाचा आधार होता वाहून नेलेल्या टपालाचा. दोन खंडांतली ही दोन माणसं एकाच काळात एकच गोष्ट करत होती. प्रवासी पुरेसे नसताना पत्रांच्या जोरावर हवेतला रस्ता उघडा ठेवत होती.

पुढचा इतिहासही समांतर जातो. दुसरं महायुद्ध आलं आणि बेटांवरच्या त्या छोट्या सेवा बंद पडल्या. युद्धानंतर ब्रिटनने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. १९४७ मध्ये फ्रेसनचा कारभार ब्रिटिश युरोपियन एअरवेज या सरकारी कंपनीत गेला आणि १९४८ मध्ये खुद्द फ्रेसनला नोकरीवरून काढून टाकण्यात आलं. मोठ्या कंपनीला मोठी विमानं आणि मोठे मार्ग हवे होते. कर्कवॉलला विमान येत राहिलं, पण त्याच्या पलीकडच्या बेटांवर उतरेनासं झालं. आपल्याकडे राष्ट्रीयीकरण १९५३ मध्ये झालं.

कर्कवॉलच्या पुढची कुरणं जवळजवळ पाव शतक तशीच पडून राहिली. मग या गोष्टीत एक बांधकाम कंत्राटदार येतो. विली लोगन. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर टे नदीवरचा रस्त्याचा पूल त्याची कंपनी बांधत होती. साइटवर आणि ऑफिसात ये-जा करण्यात त्याचा वेळ जाई, म्हणून १९६२ मध्ये त्याने कंपनीच्याच पोटात हवाई टॅक्सीचा धंदा सुरू केला. नाव लोगनएअर. १९६६ मध्ये तो पूल वाहतुकीला खुला झाला, पण लोगनने तो दिवस पाहिला नाही. त्याच वर्षी जानेवारीत इन्व्हरनेसजवळ विमान अपघातात तो गेला. आणि ते विमान त्याच्या कंपनीचं नव्हतं. दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेलं होतं.

पूल बांधणाऱ्या माणसाची कंपनी पुढे, जिथे पूल बांधणं परवडत नाही अशा जागा जोडत राहिली. १९६७ मध्ये लोगनएअरने ऑर्कनीच्या बेटांमधली सेवा सुरू केली, आणि वेस्ट्रे-पापा वेस्ट्रे हा टप्पा त्यातलाच. या कामासाठी विमानही अगदी वेळेवर मिळालं. ब्रिटन-नॉर्मन कंपनीच्या आयलँडर विमानाने पहिलं उड्डाण केलं होतं १९६५ मध्ये. दोन इंजिनं, वर बसवलेले पंख, आठेक प्रवासी, न दुमडणारी चाकं. छोट्या, खडबडीत पट्टीवरून उडायचं आणि दिवसातून कितीही वेळा चढ-उतार करायची, एवढ्याचसाठी बनवलेलं. भारतीय नौदलानेही ही विमानं अनेक वर्षं वापरली आहेत. ऑर्कनीत आजही तेच आयलँडर उडतं.

त्यात बसतं कोण? वेगवेगळ्या बेटांवर शिकवायला जाणारे शिक्षक. दुसऱ्या बेटावरून तपासायला येणारे डॉक्टर. कर्कवॉलला वसतिगृहात राहून शिकणारी मोठी मुलं. हॉस्पिटलची तारीख मिळालेले आजी-आजोबा. पापा वेस्ट्रेवर इ.स.पू. ३७०० च्या सुमाराची दगडी घरं आहेत, नॅप ऑफ हॉवर नावाची, पिरॅमिडांपेक्षा हजारभर वर्षांनी जुनी. ती पाहायला येणारे अभ्यासक असतात. आणि हो, दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायला आलेले पर्यटकही असतात. ५३ सेकंदांचा विक्रम करणारे पायलट स्टुअर्ट लिंकलेटर यांनी हा टप्पा बारा हजारांहून जास्त वेळा पार केला. पर्यटकासाठी जी आयुष्यात एकदाची गोष्ट आहे, ती त्यांच्यासाठी नोकरी होती. कंडक्टरने घंटी मारावी तशी.

आता पैशाचा प्रश्न. हे विमान तिकिटांवर चालत नाही. चालूच शकत नाही. २००१ च्या जनगणनेत पापा वेस्ट्रेची लोकसंख्या होती ६५. वेस्ट्रेवर काहीशे माणसं. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हा मार्ग लाल रंगातच दिसणार. म्हणून तो ‘सार्वजनिक सेवेचं बंधन’ या कायदेशीर चौकटीत चालतो. युरोपात ही चौकट १९९२ च्या नियमाने पक्की झाली. कल्पना अशी, की एखाद्या दूरच्या भागाला विमानाची गरज आहे आणि बाजार ती पुरवणार नाही, तर स्थानिक सरकारने किती फेऱ्या हव्यात ते ठरवायचं, निविदा काढायची आणि तूट भरून द्यायची. इथे ती तूट ऑर्कनीची कौन्सिल भरते. कंत्राटाची मुदत संपली की पुन्हा निविदा निघते. मार्ग हवा की नको, हा प्रश्न दर वेळी पहिल्यापासून उकरला जात नाही.

२०११ च्या जनगणनेत पापा वेस्ट्रेवर ९० माणसं होती. विमानामुळेच ती वाढली, असं मी म्हणणार नाही. बेटावरचं दुकान तिथल्या रहिवाशांची सहकारी संस्था चालवते, शाळा आहे, बाहेरून येऊन वसलेली कुटुंबं आहेत. अशा बऱ्याच गोष्टी मिळून गाव टिकतं. पण नव्याने राहायला येणारं जोडपं पहिला प्रश्न काय विचारेल? मूल रात्री आजारी पडलं तर काय? सेंट किल्डाकडे त्याचं उत्तर नव्हतं.

हा सगळा इतिहास वाचून मी आपल्या नकाशाकडे वळलो. सिंधुदुर्गातला चिपी आणि उत्तर गोव्यातला मोपा, या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर पन्नास किलोमीटरच्या आत आहे, जवळपास कर्कवॉल-वेस्ट्रे एवढंच. त्यांच्यामध्ये विमान उडवा असं कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. रस्ता आहे. पण चिपी ते मुंबई हे साडेतीनशे किलोमीटर, तिथे प्रश्न खरा आहे. गणपतीला कोकण रेल्वेचं तिकीट मिळवून पाहिलेल्या कोणालाही तो विचारा. चिपी ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. मुंबईची सेवा ‘उडान’ योजनेतली होती. २०२४ च्या ऑक्टोबरात तीन वर्षांची मुदत भरली आणि ती सेवा थांबली.

तीन वर्षं हा आकडा योगायोगाचा नाही. ‘उडान’ २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ ला तिची पहिली विमानं उडाली. त्यात शिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबादही होतं. कल्पना चांगली होती. साधारण तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपयांची मर्यादा, आणि कंपनीची तूट सरकार भरणार. पण तीन वर्षंच. तेवढ्यात मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, असं गृहीत धरलेलं. २०२३ मध्ये कॅगने योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंतचा हिशोब मांडला. दिलेले ७७४ मार्ग, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि तीन वर्षांनंतरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते ५४.

या आकड्यांवरून ‘योजना फसली’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. आपण छोट्या विमानमार्गाकडे स्टार्टअपसारखं पाहतो. सुरुवातीला पैसे देऊ, मग त्याने नफा कमवावा, नाही जमलं तर बंद. ऑर्कनीत त्याच मार्गाकडे पाण्याच्या नळासारखं पाहिलं जातं. नळ नफ्यात आहे का, असं कोणी विचारत नाही. पाणी येतं का, एवढंच विचारतात.

याचा अर्थ आपल्या प्रत्येक जिल्ह्यातला विमानतळ कायम सरकारी पैशावर चालवावा असा होत नाही. जिथे चांगला रस्ता आणि वेळेवर रेल्वे आहे, तिथे विमानाची तूट भरण्यापेक्षा तेच पैसे एसटीला देणं शहाणपणाचं. ऑर्कनीनेही सगळ्या बेटांना सरसकट विमान दिलेलं नाही. मोठ्या बेटाला लागून असलेल्या काही बेटांना रस्त्याने जोडलंय, काहींना फक्त बोट आहे. पण जिथे विमानाशिवाय गाव टिकणार नाही असं एकदा ठरलं, तिथे मुदत घालून दिली नाही. नांदेड-हैदराबाद सरळ रेषेत २४५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि पहिल्या दिवसापासून ते चालवणारी कंपनी २०२२ मध्येच उडायची थांबली. तिथल्या माणसाला विमान हवं आहे की चांगली रेल्वे, हे आपण मार्ग देताना विचारलं होतं का? गडचिरोलीतल्या पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना काय हवं आहे? ही उत्तरं अंतराच्या सूत्रातून येत नाहीत. ती ग्रामसभेतून, दवाखान्यातून, शाळेच्या हजेरीपटातून येतात.

म्हणून पुढच्या वेळी तो दोन मिनिटांचा व्हिडिओ आला, तर विमान उतरल्यावरही थोडा बघा. बहुतेक क्लिपा तिथेच कापलेल्या असतात. पण एखादीत दिसतं, की पट्टीच्या कडेला आगीच्या बंबाजवळ बेटावरचीच दोन-तीन माणसं उभी आहेत. विमान येण्याच्या वेळेपुरती ही त्यांची नोकरी. बाकी वेळ ती शेती करतात, गुरं बघतात. दार उघडतं, एक पिशवी खाली येते, एक माणूस वर चढतो, कोणीतरी पायलटशी हवामानाबद्दल दोन शब्द बोलतं. आणि विमान कर्कवॉलकडे निघतं.